दोन प्रकारचे तास

मराठीतला 'तास' हा शब्द शिक्षकांच्या बाबतीत मोठाच घोटाळा करतो. घड्याळातला तास ६० मिनिटांचा आणि शाळेतला ३५-४० मिनिटांचा, पण बोलताना दोन्ही तासच. माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाला आठवड्याला किती तास आहेत असं विचारलं की उत्तर ठरलेलं येतं: २४, २८, फार तर ३०. ऐकणारा मनातल्या मनात सुट्ट्या मोजतो, शाळा सुटण्याची वेळ आठवतो आणि म्हणतो, बरी नोकरी आहे. शिक्षकाच्या घरातली माणसंही वर्षानुवर्षं याच हिशोबावर चालतात आणि मग रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वह्या का पसरल्यात, हे त्यांना कळत नाही.

ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या 'टॅलिस' या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात २०१८ साली जपानमधल्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांनी आठवड्याचं काम सरासरी ५६ तास सांगितलं. घड्याळातले तास. सर्वेक्षणात भाग घेतलेल्या देशांत हा आकडा सर्वांत मोठा होता. पण त्यातलं वर्गात उभं राहून शिकवणं होतं १८ तासांचं, म्हणजे सर्व देशांच्या सरासरीपेक्षा थोडं कमीच. ती सरासरी २० तासांच्या आसपास होती. उरलेले ३८ तास टाचण (पाठाची लेखी तयारी), तपासणी, बैठका, कागदपत्रं आणि शाळा सुटल्यानंतरचे खेळ-कलांचे उपक्रम यांत गेले. शिकवण्यापेक्षा दुप्पट वेळ शिकवण्याच्या अवतीभवती.

घर आणि नोकरीचा तोल सांभाळा, असा सल्ला देणारे बहुतेक वेळा संध्याकाळबद्दल बोलतात. फिरायला जा, छंद जोपासा, लवकर झोपा. त्यात वाईट काही नाही. पण संध्याकाळी पिशवीतून घरी येणारा गठ्ठा संध्याकाळी तयार झालेला नसतो. तो तीन आठवड्यांपूर्वी प्रश्नपत्रिका काढताना बांधला गेलेला असतो. सकाळी घाईघाईत फळ्यावर गृहपाठ लिहिताना, नाहीतर वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रकाला मान डोलावताना बांधला गेलेला असतो. सोडवायचा असेल तर तिथेच.

आधी साधा गुणाकार करू. भाषा किंवा समाजशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेकडे पाच वर्ग आहेत आणि वर्गात ४५ मुलं. एकूण २२५. एका उत्तरपत्रिकेला १२ मिनिटं लागली तर २,७०० मिनिटं, म्हणजे ४५ तास. एका परीक्षेची तपासणी म्हणजे कुठल्याही कचेरीतला पूर्ण आठवडा, आणि तो नेहमीच्या आठवड्याच्या डोक्यावर बसतो, कारण शाळा त्या काळात बंद नसते. पण याच गुणाकाराची दुसरी बाजूही आहे. एका उत्तरपत्रिकेमागे एक मिनिट वाचलं तर २२५ मिनिटं वाचतात: पावणेचार तास. माध्यमिक शिक्षकाच्या कामात एका मिनिटाला जेवढी किंमत आहे तेवढी फार थोड्या नोकऱ्यांत असेल. प्राथमिकच्या शिक्षिकेला एकच वर्ग दिवसभर सांभाळायचा असतो. तिची दमणूक वेगळी. माध्यमिकमध्ये प्रत्येक गोष्ट दोनशेने गुणली जाते.

म्हणून प्रश्नपत्रिका काढताना शेजारी कोऱ्या कागदावर दुसरा हिशोब मांडावा: हा प्रश्न तपासायला किती वेळ लागेल? 'सविस्तर उत्तरे लिहा' या प्रकारच्या एका उत्तराला साधारण अडीच मिनिटं जातात, 'दोन कारणे द्या'ला अर्धं मिनिट. तीन सविस्तर प्रश्नांऐवजी एक सविस्तर, एक तक्ता पूर्ण करायचा आणि एक कारणांचा ठेवला, तर पेपरमागे चारेक मिनिटं कमी होतात. २२५ पेपरांचे १५ तास. दोन रविवार परत मिळाले, आणि मुलांना काय येतं हे कळण्यात फारसं उणं पडलं नाही. सगळाच पेपर पर्याय निवडायचा करून टाकणं मात्र खोटी बचत. मग मुलं वाक्यं लिहायची विसरतात आणि पुढच्या वर्षी तीच अर्धवट वाक्यं वाचण्यात दुप्पट वेळ जातो.

'कोणतेही तीन सोडवा' हा प्रश्न वरकरणी मुलांवर उपकार वाटतो. तपासणाऱ्याला विचारा. एक मुलगा १, ३, ५ असा क्रम लावतो, दुसरी ४ पासून सुरू करून १ वर संपवते, तिसरा तीनऐवजी चार सोडवतो आणि मग त्यातले चांगले तीन निवडून चौथ्याचे गुण खोडायचे. बेरजेच्या निम्म्या चुका इथे होतात. पर्याय द्यायचाच असेल तर 'अ किंवा ब' असा जोडीत द्यावा. उत्तर किती ओळींत हवं हेही प्रश्नातच सांगावं. मूल ज्या भीतीने दीड पान भरतं ती भीती 'चार ते पाच ओळींत' या चार शब्दांनी जाते, आणि ते दीड पान वाचायचं काम वाचतं.

तपासायला बसल्यावर एक पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग दुसरा, ही पद्धत सगळ्यांत नैसर्गिक वाटते आणि सगळ्यांत महाग पडते. प्रत्येक प्रश्नाला नमुना उत्तर नव्याने आठवावं लागतं. त्याऐवजी सगळ्यांचा प्रश्न १ आधी, मग सगळ्यांचा प्रश्न २. पहिले आठ-दहा पेपर लाल पेन हातात न घेता नुसते वाचावेत. मुलं कुठे चुकतात हे कळतं आणि अर्धा गुण कशाला द्यायचा ते एकदाच ठरतं. नाहीतर विसाव्या पेपरला नियम बदलतो आणि मागचे १९ पुन्हा उघडावे लागतात. प्रश्न बदलला की गठ्ठा पत्त्यांसारखा पिसावा, म्हणजे नेहमी तीच मुलं दमलेल्या नजरेच्या वाट्याला येत नाहीत. या पद्धतीचा आणखी एक फायदा न्यायाचा आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिलं होतं, की माणसाबद्दलचं एक चांगलं मत बाकीच्या मतांवरही आपला उजेड पाडतं. सुंदर अक्षरातलं पहिलं उत्तर तिसऱ्या कच्च्या उत्तराला गुण मिळवून देतं. प्रश्नवार तपासलं की ही साखळी बरीचशी तुटते.

एका बैठकीत २०-२५ पेपरांपलीकडे जाऊ नये. त्यानंतर हात चालतो, डोळे चालत नाहीत. काहीजण दमल्यावर कडक होतात, काहीजण उदार. आपण कुठल्या जातीतले हे ओळखण्याचा सोपा उपाय आहे: पंचवीस झाले की अगदी सुरुवातीचा एखादा पेपर काढून पुन्हा वाचायचा. आता वेगळे गुण द्यावेसे वाटत असतील तर उठायचं. बेरीज त्याच बैठकीत करू नये. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने, एकदा आतल्या पानांवरून आणि एकदा मुखपृष्ठावरच्या चौकटींवरून करावी. पेपर हातात घेताच शेवटचं लिहिलेलं पान उघडून तिथे बारीक खूण करावी, म्हणजे मागे एकटंच लिहिलेलं उत्तर नजरेतून सुटत नाही. सुटलेलं उत्तर, नाराज पालक, पुन्हा बैठक, दुरुस्त निकालपत्रक: तीस सेकंदांच्या आळसाला दोन तासांचा दंड.

वह्यांचं गणित वेगळं. तिथे गळती अगदी मजेदार ठिकाणी असते. मिटलेली वही उचलणं, उलटणं आणि गृहपाठाचं पान शोधणं याला साधारण २० सेकंद लागतात. २२५ वह्यांचे झाले ७५ मिनिटं. सव्वा तास नुसतं पान शोधण्यात! मुलांनी वही त्या पानावर उघडून, एकात एक, हजेरी क्रमांकाने रचून दिली की हा सव्वा तास जातो आणि नोंद करतानाची शोधाशोधही थांबते. हे काम मॉनिटर दोन मिनिटांत करून घेतो, पण त्याला ते एकदा नीट शिकवावं लागतं. दुसरं म्हणजे, पाचही वर्गांना एकाच आठवड्यात तपासायचा गृहपाठ देऊ नये. आठवड्याला एक वर्ग, ४५ वह्या, प्रत्येकी चार मिनिटं, तीन तास. बाकीच्या वर्गांनी फळ्यावरच्या उत्तरावरून आपापलं तपासायचं आणि शिक्षकाने बाकांमधून फिरायचं. प्रत्येक मुलाची वही पाच आठवड्यांतून एकदा मनापासून वाचली जाते. दर आठवड्याला सगळ्या वह्यांवर झरझर मारलेल्या लाल बरोबरच्या खुणेने ना मुलाला काही कळतं, ना शिक्षकाला.

शेरे किती लिहावेत? रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त शेरे आणि तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात फक्त शेरे मिळालेली मुलं सरस ठरली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा उपयोग झाला नाही. वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. पेपर हातात पडला की मूल आपले गुण बघतं, मग शेजाऱ्याचे, आणि पेपर दप्तरात जातो. रात्री साडेअकरापर्यंत जागून गुणांच्या शेजारी लिहिलेले दोनशे शेरे कुणी वाचत नाही. तेव्हा वहीवर फक्त शेरा, तोही असा की मुलाला काहीतरी करावं लागेल: 'तिसऱ्या वाक्याला पुरावा दे.' परीक्षेच्या पेपरवर फक्त गुण, आणि चुकांची चर्चा वर्गात. एकच चूक नव्वद जणांची असते, म्हणून चुकांना क्रमांक द्यावेत: १ म्हणजे एकक लिहिलं नाही, २ म्हणजे प्रश्न अर्धाच वाचला, ३ म्हणजे कारणाऐवजी व्याख्या. समासात नुसता आकडा. यादी फळ्यावर, दुरुस्ती मुलाच्या हाताने. इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या कामाच्या ओझ्याबद्दल २०१६ साली तीन स्वतंत्र अहवाल निघाले: तपासणी, पाठनियोजन आणि माहितीच्या नोंदी. तपासणीच्या अहवालाने घातलेल्या अटी तीन होत्या. ती अर्थपूर्ण असावी, झेपणारी असावी आणि मुलाला हुरूप देणारी असावी. झेपणारी ही अट सरकारी कागदावर यावी लागली, यातच सगळं आलं.

हे सगळं शाळेतच, ऑफ तासांत, म्हणजे वेळापत्रकातल्या मोकळ्या तासांत, उरकावं असं प्रत्येकजण वर्षाच्या सुरुवातीला ठरवतो. ऑफ तास ४० मिनिटांचा दिसतो. त्यातली पाच मिनिटं वर्गातून बाहेर पडण्यात जातात, पाच पाणी पिऊन बसण्यात, पाच दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुलाला देण्यात. हातात राहतात २५, तीही बदली तास आला नाही तर. कुणी रजेवर गेलं की ऑफ तास असलेल्याला त्या वर्गावर पाठवायचं, हा सगळ्या शाळांचा अलिखित कायदा. त्यामुळे आठवड्यात आठ ऑफ तास असतील तर आराखडा चारांचाच करावा. आणि तिथे कुठेही तोडता येईल असंच काम न्यावं: पर्यायी प्रश्नांची तपासणी, गुण चढवणं, हजेरीची बेरीज, वह्या. प्रश्नपत्रिका काढायला किंवा निबंध वाचायला सलग तास लागतो. तो ऑफ तासात मिळत नाही. जड काम घेऊन शिक्षकखोलीत बसलेला माणूस शेवटी गप्पा मारून उठतो आणि वर स्वतःला दोष देतो. खरं तर काम चुकीच्या मापाचं होतं. सलग तास हवा असेल तर शाळा भरण्याआधीचा किंवा सुटल्यानंतरचा, आठवड्यातून दोन ठरलेले दिवस. घरच्यांनाही ते दिवस माहीत असावेत: मंगळवारी आणि गुरुवारी उशीर, बाकी दिवशी नाही. रोज 'थोडासा' उशीर होणाऱ्या माणसाची घरात कुणीच वाट बघत नाही.

वेळापत्रक हातात आलं की सगळे तास मोजतात. माझ्याकडे २८, तुझ्याकडे २६ का, यावरून रुसवेफुगवे होतात. मोजायला हव्यात तयाऱ्या. आठवी, नववी, दहावीला गणित आणि त्यातल्या दोन इयत्तांना विज्ञान, म्हणजे पाच वेगवेगळ्या तयाऱ्या. नववीच्या चार तुकड्यांना एकच विषय, म्हणजे एक. तास दोघांचेही २४ असतील, संध्याकाळ मात्र एकाचीच मोकळी. नव्याने शिकवायच्या पाठाला तासाभराची तयारी सहज लागते. दुसऱ्या वर्षी तोच पाठ वीस मिनिटांत उभा राहतो, तिसऱ्या वर्षी दहा. म्हणून वाटाघाटी करायच्याच असतील तर एखादा तास जास्त घ्यावा आणि एक तयारी कमी मागावी. मुख्याध्यापकांनाही हे सोपं जातं, कारण तास कुणाचे तरी वाढवावेच लागतात. नव्या शिक्षकाला मात्र बहुतेक ठिकाणी उलटंच मिळतं. जुन्यांनी नको म्हटलेल्या सगळ्या इयत्ता त्याच्या गळ्यात पडतात आणि पहिल्याच वर्षी सहा तयाऱ्या. पहिल्या काही वर्षांत नोकरी सोडावीशी का वाटते, याचं एक उत्तर या कागदावर आहे.

तास संपल्यावर टाचणाच्या समासात दोन ओळी लिहिण्याची सवय फार थोड्यांना असते. कुठलं उदाहरण फसलं, कुठे दहा मिनिटं जास्त गेली. पुढच्या वर्षी त्या दोन ओळी वीस मिनिटं वाचवतात. वर्षअखेरीस लिहू म्हटलं की ते राहतं.

पिशवी रिकामी असली तरी डोकं रिकामं असेलच असं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात असं आढळलं होतं. शिकवणं कधी पूर्ण होतच नाही, तेव्हा शिक्षकाचं काय होत असेल ते उघड आहे. पण मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११च्या संशोधनातून एक दिलासाही निघतो: काम संपवलं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की मन त्याचा पिच्छा बऱ्याच अंशी सोडतं. म्हणून शाळेतली शेवटची दहा मिनिटं नव्या कामाला देऊ नयेत. उद्याच्या पहिल्या तासाचं पान क्रमांक, पहिला प्रश्न, लागणारं साहित्य कुठल्या कपाटात आहे, आणि आज ज्याच्याशी वाजलं त्या मुलाशी उद्या कोणत्या वेळी बोलायचं, हे लिहून वही टेबलाच्या खणात ठेवायची. खणात; पिशवीत नाही. 'उद्या बघू' हे ठरवणं नव्हे, ते रात्री अडीचला जागं करतं.

कामावर आतल्यापेक्षा वेगळी भावना चेहऱ्यावर दाखवत राहण्याला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली भावनिक श्रम असं नाव दिलं. त्यांनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास केला होता. शिक्षकाचा प्रकार अधिक गुंतागुंतीचा, कारण त्याला नुसतं हसायचं नसतं. राग आलेला नसताना रागवायचं, खरोखर आलेला असताना शांत राहायचं, आणि तेरा ते सोळा वयाच्या मुलाने मुद्दाम काढलेल्या कुरापतीवर काहीच घडलं नाही असं दाखवायचं. दिवसाला सहा वेळा, सहा वेगळ्या वर्गांपुढे. घरी पोहोचेपर्यंत संयमाचा साठा संपलेला असतो आणि जे उरलंसुरलं ते घरच्या मुलांच्या वाट्याला येतं, तेही वर्गातल्या आवाजात. 'घरात शाळा नको' हे वाक्य शिक्षकांच्या घराघरांत ऐकू येतं. यावर लागू पडणारा उपाय अगदी साधा आहे: घरात शिरल्यावरची पहिली वीस-तीस मिनिटं कुणी प्रश्न विचारायचे नाहीत, असा करार. आल्याआल्या पोळपाटाशी उभं राहावं लागणाऱ्या शिक्षिकेला हा करार मिळवणं सर्वांत कठीण, आणि तिलाच त्याची सर्वांत जास्त गरज. संसार सांभाळून करता येते अशी ख्याती असलेल्या नोकरीतला हा बारीक अक्षरातला मजकूर.

आणि आवाज. याबद्दल बोलणंच होत नाही. नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांत केलेल्या पाहणीत, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ११ टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाचा त्रास होता. इतर व्यवसायांतल्या लोकांत हे प्रमाण ६.२ टक्के. आयुष्यात कधी ना कधी त्रास झालेले शिक्षक ५७.७ टक्के, इतर २८.८. घसा बसलेला माणूस संध्याकाळी मुलाला गोष्ट सांगत नाही, मित्राला फोन करत नाही. बोलण्याचा कंटाळा हा पुष्कळदा मनाचा नसतो, स्वरयंत्राचा असतो. गोंगाटावर आवाज चढवला की गोंगाटही चढतो. ठरलेल्या जागी गप्प उभं राहणं किंवा दोनदा टाळी वाजवणं हे पहिल्या पंधरा दिवसांत वर्गाला शिकवलं तर वर्षभर पुरतं. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आवाज भिंतीत जातो आणि जोर दुप्पट लागतो. दर तासाला दोन-चार घोट पाणी. घसा खाकरण्याऐवजी आवंढा गिळावा. घसा बसल्यावर कुजबुजून बोलल्याने विश्रांती मिळत नाही, उलट ताण पडू शकतो. बोलायचंच नाही, ही खरी विश्रांती. तीन-चार आठवडे घोगरेपणा टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं.

फोनचा प्रश्न नवा, आणि त्यात शिक्षकांची स्वतःची चूकही आहे. रात्री साडेदहाला एका पालकाला उत्तर दिलं की ते पालकांच्या सगळ्या गटाला दिसतं, आणि ४४ घरांना कळतं की बाई साडेदहाला जाग्या असतात. नियम पहिल्या उत्तराने बनतो, नंतरच्या विनंत्यांनी नाही. वर्गाच्या गटावर फक्त शिक्षकालाच लिहिता येईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. प्रश्नांसाठी दिवसातली एक ठरलेली अर्धी घटका, शक्यतो शाळेच्याच वेळेतली. संदेश रात्री सुचला तरी सकाळी जाईल असा वेळ लावून ठेवावा. आणि पहिल्या पालकसभेत एक वाक्य स्पष्ट सांगावं: मूल घरी पोहोचलं नाही, त्याला इजा झाली, किंवा ते स्वतःला काही करून घेईल अशी भीती वाटली, तर संदेश पाठवू नका, फोन करा, कितीही वाजता. ही वाट खुली ठेवली नाही तर शिक्षक प्रत्येक 'टिंग'ला दचकून फोन बघत राहतो, कारण त्यातला एखादा संदेश खरंच तसा असू शकतो.

या वयाची मुलं कधी कधी असं काही सांगतात की ते घेऊन घरी जाणं अशक्य होतं. तिथे काम वाटून घेणं हाच उपाय आहे. ऐकायचं, पण 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. त्याच दिवशी, मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं आणि शाळा सोडण्याआधी मुख्याध्यापकांच्या किंवा समुपदेशकाच्या कानावर घालायचं. एकट्याने पेलण्याचा मोठेपणा मुलाच्याही कामाचा नसतो.

रोजचा तोल रोज साधेल, ही अपेक्षाच मुळात शाळेच्या वर्षाला लागू पडत नाही. वर्ष सपाट नसतं. परीक्षांनंतरचे दोन आठवडे, निकालाचा आठवडा, स्नेहसंमेलनाचा पंधरवडा: एवढे दिवस घर मागे पडणार, हे वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल करून टाकावं, म्हणजे त्या तारखांना पाहुणे, प्रवास आणि दुरुस्तीची कामं बोलावली जात नाहीत. नवरा-बायको दोघेही शिक्षक असले की दोन गठ्ठे एकाच आठवड्यात येतात; तिथे मुलाच्या आजारपणात कोण राहणार हेही आधीच ठरलेलं बरं. मोठ्या सुट्टीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. वेस्टमन आणि ईडन यांनी १९९७ साली सुट्टीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. सुट्टीत उतरलेला शिणवटा कामावर परतल्यानंतर तीन आठवड्यांत पुन्हा पहिल्या पातळीवर आला होता. सुट्टीची पुण्याई एवढीच. दर आठवड्याला एक पूर्ण दिवस शाळेचं काहीही न उघडता गेला, तर तो जास्त कामाचा.

रोजचा शिणवटा आणि पूर्ण थकून जाणं, म्हणजे इंग्रजीतलं 'बर्नआउट', यांत फरक आहे हेही ओळखता यायला हवं. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांच्या मांडणीत पूर्ण थकून जाण्याला तीन अंगं आहेत: भावनिक रिकामेपण, माणसांबद्दलचा कोरडेपणा आणि आपण काही करू शकत नाही ही भावना. शिक्षकांत कोरडेपणा सर्वांत आधी भाषेत दिसतो. मुलाचं नाव जातं, 'तो ३७ नंबर' येतो. मग 'ही बॅच', मग 'ही पोरं'. उत्तर न वाचता अक्षरावरून गुण पडू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात याचं वर्णन कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम असं केलं आणि त्याला आजार म्हटलं नाही. मग उपायही कामाच्या ठिकाणीच व्हायला हवा. तेच गुण हजेरीपटात, निकालपत्रकात आणि संगणकावर असे तीनदा चढवायला लावणाऱ्या शाळेने शिक्षकांसाठी ध्यानाचं शिबिर ठेवणं हा विनोद आहे. बैठकीत विचारायचा प्रश्न एकच: हा कागद भरल्यावर वाचतं कोण? उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात तो न भरून बघावा.

एवढं करूनही काही गठ्ठे घरी येतात. येऊ द्यावेत, पण पाहुण्यासारखे: जागा ठरलेली, वेळ ठरलेली. पलंगावर किंवा टीव्हीसमोर नको. तिथे दोन्ही कामं अर्धी होतात. टेबल, उजेड, आणि दारातून आत यायच्या आधीच वरच्या वहीवर चिकटवलेली चिठ्ठी: 'आज १८.' अठरावी झाली की गठ्ठ्याला रबर लावायचं, एकोणिसावी कितीही छोटी दिसली तरी.